बाजू पहिली, गाणं सहावं

डॉली पार्टन म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना दोनच गाणी आठवतात. एक 'जोलीन' आणि दुसरं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. दुसरं तर व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजातलं, १९९२ च्या 'द बॉडीगार्ड' सिनेमातलं. ते मुळात डॉलीनं लिहिलं आणि १९७४ मधे स्वतः गाऊन कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरवर नेलं, हे सांगितलं की ऑफिसच्या कँटीनमधे समोरचा हमखास "फेकू नकोस" म्हणतो. बाकी मग उरतात सोनेरी विग, चकचकीत कपडे आणि तिच्या दिसण्यावरचे विनोद. ते विनोद तिनं स्वतःच इतके केलेत की इतरांसाठी फारसं काही शिल्लक ठेवलेलं नाही.

आज लिहायचंय ते या दोन्ही गाण्यांच्या जरा आधीच्या एका रेकॉर्डबद्दल. एप्रिल १९७३, कंपनी आरसीए, नाव 'माय टेनेसी माउंटन होम'. अकरा ट्रॅक, सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. सगळी गाणी एकाच विषयावर: मी कुठून आले. कव्हरवर डॉली नाही. आहे फक्त एक जुनं लाकडी घर, टेनेसी राज्यातल्या लोकस्ट रिज नावाच्या जागेवरचं, जिथे तिचं कुटुंब राहायचं. १९७३ साली टीव्हीवर दर आठवड्याला दिसणारी, तरुण, देखणी गायिका असताना कव्हरवर मोडकं घर छापायचं, हा निर्णय आज मार्केटिंगवाल्यांच्या मीटिंगमधे पाच मिनिटंसुद्धा टिकला नसता.

ही रेकॉर्ड सहसा 'गोड आठवणी' या खात्यात टाकली जाते. मला ते पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं तर आधी थोडा भूगोल आणि बराचसा इतिहास सांगावा लागेल.

टेनेसी हे लांबुडकं राज्य. पश्चिमेला मिसिसिपी नदी आणि मेंफिस, मधोमध नॅशव्हिल आणि पूर्वेला डोंगर. हे डोंगर म्हणजे अ‍ॅपलेशियन रांगेचा एक भाग, ग्रेट स्मोकी माउंटन्स. झाडीतून सतत वर येणाऱ्या धुक्यामुळे हे नाव पडलं. या डोंगरांच्या उत्तर अंगाला सेव्हियर काउंटी आहे. तिथे १९ जानेवारी १९४६ रोजी डॉलीचा जन्म झाला, बारा भावंडांत चौथी. वडील रॉबर्ट ली पार्टन आधी दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसायचे, पुढे स्वतःचा तुकडा घेतला. तंबाखू हे नगदी पीक, बाकी मका-भाजीपाला घरापुरता. आई एव्ही ली, घरात गाणारी, गोष्टी सांगणारी, आणि पस्तिशीच्या आसपासच बारा बाळंतपणं झालेली. घरात वीज नाही, नळ नाही.

आता इथे एक गोष्ट आपल्यासारख्या इंजिनियर लोकांना टोचायला हवी. रूझवेल्ट सरकारनं १९३३ मधे 'टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी' काढली. नद्यांवर धरणं बांधायची, वीज करायची आणि मागास खोऱ्याचा विकास करायचा, अशी कल्पना. (आपल्या दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचा नमुना हाच.) त्यातलं डग्लस धरण खुद्द सेव्हियर काउंटीत आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं, विमानांसाठी अ‍ॅल्युमिनियम हवं होतं, म्हणून १९४२ मधे काम सुरू करून साधारण वर्षभरात धरण उभं केलं. सुपीक शेतजमीन पाण्याखाली गेली. वीज गेली अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांना आणि जवळच्याच ओक रिजला, जिथे अणुबाँबसाठी युरेनियम शुद्ध करायचं काम गुपचूप चाललं होतं. म्हणजे विसाव्या शतकातला एक अतिशय महागडा वैज्ञानिक प्रकल्प ज्या भागातल्या पाण्यावर चालला, त्याच भागात दहा वर्षांनंतर पार्टनांच्या घरी रॉकेलचा दिवा होता.

दुसरी गोष्ट नॅशनल पार्कची. ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क १९३४ मधे झालं. अमेरिकेतली पश्चिमेकडची मोठी पार्कं बहुतांशी सरकारी जमिनीवर झाली. इथे मात्र जमीन लोकांच्या नावावर होती. मोठा हिस्सा लाकूड कंपन्यांचा, पण बाकी छोट्या शेतकऱ्यांचा. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांनी आणि लोकवर्गणीनं निम्मे पैसे उभे केले, उरलेल्यासाठी रॉकफेलरच्या ट्रस्टनं पन्नास लाख डॉलर दिले. डोंगरातल्या वस्त्या उठल्या. काही जणांना जिवंत असेपर्यंत राहायची परवानगी मिळाली, बाकीचे पायथ्याशी उतरले. त्यांची चर्चं आणि लाकडी घरं आज पार्कमधे जपून ठेवली आहेत, टुरिस्ट फोटो काढतात. पार्टन कुटुंबाची वस्ती या पार्कच्या सीमेबाहेर, पण फार लांब नाही. 'डोंगरातलं घर' हे शब्द त्या काउंटीत कुणी उच्चारले तर त्यांत नुसता निसर्ग नसतो, एवढंच मला म्हणायचंय.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे या डोंगरातल्या माणसांकडे बाकीचा देश कसा बघायचा. १९१६ साली सेसिल शार्प नावाचा इंग्रज लोकगीत-संग्राहक इथे आला. त्याला वाटलं, इंग्लंडमधे मेलेली जुनी गाणी इथल्या लोकांनी जिवंत ठेवली आहेत. ते खरंही होतं, पण बँजो (जो मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर आला) आणि चर्चमधली गाणी त्यानं बरीचशी बाजूला सारली. त्याला 'शुद्ध' हवं होतं. १९२७ मधे टेनेसी-व्हर्जिनियाच्या हद्दीवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअरनं रेकॉर्डिंगची यंत्रं मांडली आणि कार्टर फॅमिली, जिमी रॉजर्स यांना पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. कंट्री संगीताच्या धंद्याची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. तेव्हा त्याला कंट्री म्हणत नसत, 'हिलबिली' म्हणत. हिलबिली म्हणजे डोंगरातला अडाणी. शिवीच ती. १९६२ पासून 'द बेव्हर्ली हिलबिलीज' ही मालिका टीव्हीवर तुफान चालली: डोंगरातलं एक कुटुंब तेल सापडून श्रीमंत होतं आणि हॉलिवूडशेजारी राहायला जातं. सगळा विनोद त्यांच्या बावळटपणावर.

मग आलं १९६४. एप्रिलमधे प्रेसिडेंट जॉन्सन केंटकीच्या डोंगरात गेले, एका गरीब माणसाच्या ओसरीवर बसले आणि 'गरिबीविरुद्ध युद्धा'साठी फोटोग्राफर्सनी फोटो काढले. ते फोटो देशभर गेले. ओसरी, फळ्या, पोरं. डोंगर म्हणजे काय तर हे.

त्याच वर्षी, काही आठवड्यांनी, सेव्हियर काउंटी हायस्कूलच्या पदवीदान समारंभात प्रत्येकानं पुढे काय करणार ते सांगायचं होतं. डॉली म्हणाली, नॅशव्हिलला जाऊन स्टार होणार. सगळं सभागृह हसलं, असं ती सांगते. शाळा पूर्ण करणारी ती घरातली पहिलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसमधे बसली.

म्हणजे १९६४ पर्यंत या डोंगराची तीन चित्रं तयार होती. शार्पचं पवित्र चित्र, टीव्हीचं हास्यास्पद चित्र आणि जॉन्सनचं केविलवाणं चित्र. तिन्ही बाहेरून आलेल्यांनी काढलेली. १९७३ ची ही रेकॉर्ड म्हणजे आत वाढलेल्या एका पोरीनं, सत्तावीस वर्षांच्या बाईनं, दिलेलं चौथं चित्र. म्हणून ती मला गाण्यांइतकीच इतिहासाचं साधन म्हणून महत्त्वाची वाटते.

तर आता रेकॉर्ड लावू.

पहिला ट्रॅक गाणंच नाही. नाव 'द लेटर'. नॅशव्हिलला पोचल्यावर तिनं घरी आईवडिलांना लिहिलेलं पहिलं पत्र ती वाचून दाखवते. मागे माउथ ऑर्गन. पत्रात काय असणार? आपण सगळ्यांनी पहिल्यांदा हॉस्टेलवरून किंवा पहिल्या नोकरीच्या गावाहून केलेल्या फोनमधे जे असतं तेच. मी बरी आहे, काळजी करू नका, आठवण येते. किंचित थापा, किंचित रडू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे फार भाबडं वाटलं होतं. मग एक तपशील कळला आणि पुन्हा ऐकलं. डॉलीच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या हुशारीबद्दल ती नेहमी बोलते, व्यवहारात त्यांना कुणी फसवू शकत नसे म्हणते, पण अक्षर नाही. म्हणजे ते पत्र त्यांना कुणीतरी वाचूनच दाखवलं असणार. नऊ वर्षांनी ती रेकॉर्डवर ते मोठ्यानं वाचते तेव्हा ते नाटकी राहत नाही. पत्र वडिलांपर्यंत पोचायचा तोच एक मार्ग होता.

दुसरं 'आय रिमेंबर', तिसरं 'ओल्ड ब्लॅक केटल', चौथं 'डॅडीज वर्किंग बूट्स'. शेतं, गोष्टी, आईचं काळं लोखंडी भांडं, वडिलांचे कामाचे बूट. खरं सांगायचं तर भांड्याचं गाणं मला आवडत नाही. त्यात नव्या शेगडीपेक्षा जुनंच बरं होतं असा सूर आहे, आणि तो सूर मला हायवेवरच्या 'चुलीवरची मिसळ' या पाट्यांसारखा वाटतो. चूल फुंकणारीला कुणी विचारलंय का? बूटांचं गाणं मात्र वेगळं. तिथे वस्तू म्हणजे आठवणीचं शोभेचं खेळणं नाही, झिजलेलं अवजार आहे. माणूस किती चालला, किती राबला याचा तो हिशेब.

पाचवं गाणं एका खऱ्या माणसावर आहे: डॉ. रॉबर्ट एफ. थॉमस. मेथडिस्ट मिशनचे डॉक्टर, सेव्हियर काउंटीतल्या पिटमन सेंटर इथे राहून डोंगरभर फिरायचे, जिथे गाडी जाणार नाही तिथे घोड्यावरून किंवा पायी. डॉलीचा जन्म त्यांच्याच हातचा. फी म्हणून वडिलांनी एक पोतं मक्याचं पीठ दिलं, ही गोष्ट तिनं आयुष्यभर सांगितली आहे. (पुढे त्यावर तिची कोटी ठरलेली: तेव्हापासून मी पीठ कमावतेच आहे. इंग्रजीत पिठाच्या शब्दाला पैसा असाही अर्थ होतो, मराठीत ती कोटी मरते. असो.) लोकप्रिय संगीताच्या इतिहासात गावच्या डॉक्टरचं पूर्ण नाव हेच शीर्षक असलेली गाणी फारशी नसावीत. प्रेमबिम काही नाही, सरळ कृतज्ञता.

आणि आता सहावं. 'इन द गुड ओल्ड डेज (व्हेन टाइम्स वेअर बॅड)'. शीर्षकातच पेच आहे: ते छान जुने दिवस, जेव्हा दिवस वाईट होते. हे गाणं तिनं आधी १९६८ मधे रेकॉर्ड केलं होतं, त्याच नावाची रेकॉर्डही १९६९ मधे आली होती. मर्ल हॅगार्डनंही ते गायलं. इथे तिनं ते पुन्हा गाऊन घेतलं, आणि मुद्दाम पहिल्या बाजूच्या शेवटी ठेवलं. गाण्यात काय आहे? उजाडायच्या आधी शेतात जाणं. राबून फाटलेले हात. गारपिटीनं झोपलेलं पीक. फटींतून घरात येणारा बर्फ. आजारी आई, आणि डॉक्टरला बोलवायला पैसे नाहीत.

जरा थांबा. आत्ताच आपण पाचवं गाणं ऐकलं, देवमाणूस डॉक्टरचं. त्याच्या पाठोपाठ लगेच: डॉक्टर परवडत नाही. एका ट्रॅकचं अंतर. डॉक्टर चांगला होता हेही खरं आणि औषधपाण्याचा भरवसा नव्हता हेही खरं. एका चांगल्या माणसाच्या खांद्यावर सगळ्या डोंगराची आरोग्यव्यवस्था उभी होती. हे ती कुठेही भाषण करून सांगत नाही. क्रम सांगतो.

आणि या गाण्याचा निवाडा अगदी स्वच्छ आहे. त्या आठवणी ती कशाच्याही बदल्यात देणार नाही, पण परत जा म्हटलं तर जाणारही नाही. या दोन वाक्यांमधे 'पण' आहे, 'म्हणून' नाही. गावाकडून शहरात आलेल्या माणसाला ही दोन्ही वाक्यं एका श्वासात म्हणता येणं फार कठीण असतं. लोक यातलं एकच निवडतात. काही जण "आमच्या गावची हवा, आमच्या गावचं पाणी" यात अडकतात आणि वर्षातून तीन दिवस जाऊन येतात. काही जण गावाचं नावच काढत नाहीत.

तर सहावं संपतं. १९७३ मधे तुम्ही ही रेकॉर्ड विकत घेतली असती तर आता तुम्हाला उठून टर्नटेबलपाशी जावं लागलं असतं. सुई उचलायची, रेकॉर्ड उलटायची, पुन्हा सुई ठेवायची. कानात अजून गारपीट. आणि मग दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सुरू होतं, ते म्हणजे शीर्षकगीत, 'माय टेनेसी माउंटन होम'.

हे गाणं तुम्ही एकटं ऐकलंत तर ते पोस्टकार्ड आहे. ओसरीवर भिंतीला टेकवलेली खुर्ची, पायाला दोरा बांधून पोरांनी उडवलेला भुंगा, वेलींचा वास, काजवे, रविवारी चर्चहून परतणारी जोडपी. चाल इतकी सोपी की दुसऱ्या वेळी तुम्ही बरोबर गुणगुणता. सगळं शांत. कुणी काम करत नाहीये. संध्याकाळ आहे, किंवा रविवार आहे.

पण सहाव्यानंतर ऐकलं तर कळतं की इथे काम का नाहीये. आठवड्यातले बाकीचे दिवस आधीच्या बाजूला सांगून झालेत. रविवारची संध्याकाळ गोड आहे कारण सोमवार पहाटे काय आहे ते आपण ऐकलंय. आज स्ट्रीमिंगवर हे गाणं कुठल्यातरी 'कंट्री रोड्स' छापाच्या प्लेलिस्टमधे सुटं वाजतं, पाठीमागे सहावं नसतं, आणि मग लोक म्हणतात, डॉली म्हणजे भाबडी स्मरणरंजनवाली. डेटा तोच, पण सॉर्ट ऑर्डर घालवली की अर्थ गेला, असं आमच्या धंद्याच्या भाषेत म्हणता येईल.

दुसऱ्या बाजूची मधली तीन गाणी मी पटकन संपवतो: 'द राँग डायरेक्शन होम', 'बॅक होम', 'द बेटर पार्ट ऑफ लाइफ'. घराची ओढ, घरी जाणं, जुन्या गप्पा. वाईट नाहीत, पण पहिल्या बाजूची धार नाही. शेवटचं 'डाउन ऑन म्यूझिक रो' मात्र मजेदार आहे. म्यूझिक रो म्हणजे नॅशव्हिलमधला तो भाग जिथे रेकॉर्ड कंपन्यांची ऑफिसं आहेत. नवी पोरगी गाण्यांची वही घेऊन दारोदार फिरते, आणि गोष्ट आरसीएच्या दारात येऊन थांबते. पत्रापासून सुरू झालेली रेकॉर्ड इथे संपते, नोकरी लागल्याच्या बातमीवर म्हणा ना.

प्रत्यक्षात हे इतकं सरळ घडलं नव्हतं. बसमधून उतरली त्याच दिवशी 'विशी वॉशी' नावाच्या लाँड्रीबाहेर तिला कार्ल डीन भेटला, १९६६ मधे लग्न झालं, आणि मार्च २०२५ मधे तो जाईपर्यंत ते टिकलं. तो भाग झाला. पण गाण्याच्या बाबतीत तिचा पहिला करार आरसीएशी नाही, 'मॉन्युमेंट' या छोट्या कंपनीशी, १९६५ मधे. त्यांना ती पॉप गायिका व्हायला हवी होती. कंट्रीसाठी तिचा आवाज फार बारीक, असं मत. मग १९६७ मधे पोर्टर वॅगनरनं तिला आपल्या टीव्ही शोमधे घेतलं आणि आरसीएकडे नेलं. आरसीएचा चेट अ‍ॅटकिन्स, स्वतः गिटारचा बादशहा, तोही आवाजाबद्दल साशंक होता, आणि तोटा झाला तर माझ्या रॉयल्टीतून कापा असं आपण त्याला सांगितलं, असं पोर्टर सांगायचा. तोटा झाला नाही हे सांगायला नकोच.

या पोर्टरचा संदर्भ रेकॉर्डला महत्त्वाचा आहे. १९७३ मधे डॉली अजून त्याच्या शोची 'मुलगी' होती. तिकडे तो ठरवणार, ती हसणार, दोघं द्वंद्वगीतं गाणार. ती स्वतः मात्र खोऱ्यानं गाणी लिहीत होती. १९७१ मधे 'कोट ऑफ मेनी कलर्स' आलं: आईनं चिंध्या जोडून शिवलेला कोट घालून शाळेत गेल्यावर पोरं हसली, त्याची गोष्ट. ते तिनं पोर्टरच्या बसमधे ड्रायक्लीनरच्या पावतीवर लिहिलं होतं. बालपणाचं हे खातं उघडलं ते तिथे, आणि दोन वर्षांनी त्यावर अख्खी रेकॉर्ड झाली. निर्माता बॉब फर्ग्युसन. लोरेटा लिनचं 'कोल मायनर्स डॉटर' १९७० मधे येऊन गेलं होतं, तेव्हा विषय नवा नव्हता. पण पूर्ण रेकॉर्ड एका घरावर, हे वेगळं. विक्री बेताची. कंट्री अल्बमच्या यादीत १९ वा नंबर, शीर्षकगीत एकेरी गाण्यांच्या यादीत १५ वं. त्यानंतर काही महिन्यांत 'जोलीन', १९७४ मधे पोर्टरला सोडणं, आणि त्या सोडण्याचं गाणं म्हणजेच ते 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. थोडक्यात, पुढे निघायच्या अगदी आधी तिनं मागचं सगळं एकदा लिहून ठेवलं.

आता माझी तक्रार. या रेकॉर्डमधे गरिबी आहे, पण तिला कारण नाही. गारपीट आकाशातून येते, बर्फ फटींतून येतो, तशी गरिबीही येते. धरण नाही, पार्क नाही, तंबाखूचा भाव कोण ठरवतो ते नाही. जॉन्सनच्या फोटोंना तिचं उत्तर आहे की आम्ही केविलवाणे नाही, आणि ते उत्तर चोख आहे. पण मग जबाबदार कोण हा प्रश्न ती विचारतच नाही. राजकारणावर न बोलायचा तिचा नेम पुढेही कायम राहिला, दोन्ही बाजूंच्या लोकांना ती आवडते त्याचं एक कारण तेच. माझ्या एका अमेरिकन मित्राचं म्हणणं असं की गाणाऱ्याकडून अर्थशास्त्र मागू नये. मान्य. पण तिनं क्रमातून डॉक्टरबद्दल इतकं बोलून दाखवलं म्हणून तर मागावंसं वाटतं.

अटलांटाला ऑनसाइट होतो तेव्हा एका लाँग वीकेंडला आम्ही चौघं गाडी काढून पिजन फोर्जला गेलो होतो. तिथे डॉलीवूड आहे. आधीपासून असलेल्या 'सिल्व्हर डॉलर सिटी' या पार्कमधे डॉलीनं भागीदारी घेतली आणि १९८६ मधे नाव बदललं. रोलरकोस्टर, दालचिनीचा गरम पाव, आणि या सगळ्याच्या मधे कव्हरवरच्या त्या घराची प्रतिकृती. बांधली तिच्या भावानं, आतली मांडणी आईनं केली. भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली, वारा अडवायला. (खरं घर तिनं परत विकत घेतलंय, ते लोकांना बघायला नाही.) आमच्यातला एक जण म्हणाला, "अरे, तिकीट काढून गरिबी बघायची?" प्रश्न रास्त होता. पण आमच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं, त्याच डोंगरातलं असावं, आणि त्यातली बाई नवऱ्याला पुन्हापुन्हा एकेक वस्तू दाखवत होती, ही आमच्याकडे होती, ही नव्हती. टुरिस्ट आम्ही होतो. ती दोघं यादी तपासत होती.

सेव्हियर काउंटीत तंबाखू आता इतिहासजमा, सगळं पर्यटनावर चालतं, आणि डॉलीवूड तिथल्या सगळ्यात मोठ्या रोजगार देणाऱ्यांपैकी एक. सीझनपुरतं काम, बेताचा पगार हे पर्यटनाचे सगळे रोग तिथेही आहेत. २०२२ मधे डॉलीवूडनं कर्मचाऱ्यांच्या कॉलेज शिक्षणाचा पूर्ण खर्च द्यायची घोषणा केली. नोव्हेंबर २०१६ मधे गॅटलिनबर्गच्या वणव्यात १४ माणसं गेली आणि हजारो इमारती जळाल्या, तेव्हा तिच्या फाउंडेशननं घर गमावलेल्या कुटुंबांना सहा महिने दरमहा हजार डॉलर दिले. फॉर्म, अटी फारशा नाहीत, थेट पैसे. गरिबांच्या हातात पैसे दिले तर ते उधळतील, ही शंका तिला आली नाही. पहिली बाजू लिहिणाऱ्या बाईला ती येणारही नाही.

आणि ते पत्र. १९९५ मधे तिनं सेव्हियर काउंटीत 'इमॅजिनेशन लायब्ररी' सुरू केली: जन्मापासून पाच वर्षांपर्यंत प्रत्येक पोराला दर महिन्याला एक पुस्तक, पोस्टानं, त्याच्या स्वतःच्या नावावर, फुकट. उत्पन्नाचा दाखला नको, काही नको. कारण विचारलं की ती वडिलांचं नाव सांगते. पुढे ते टेनेसीभर झालं, मग इतर राज्यांत, मग कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड. वीस कोटींहून जास्त पुस्तकं गेली आहेत. पोरं तिला 'बुक लेडी' म्हणायला लागली, आणि ली पार्टनना मुलीच्या इतर सगळ्या कीर्तीपेक्षा त्याचं जास्त अप्रूप होतं, असं ती सांगते. ते २००० मधे गेले. सेव्हियरव्हिलच्या कोर्टासमोर १९८७ मधे डॉलीचा ब्राँझचा पुतळा बसवला होता, पाय मोकळे, हातात गिटार. रात्री कुणी बघत नसताना ते ट्रकमधे साबणाच्या पाण्याची बादली आणि झाडू टाकून जायचे आणि पुतळ्यावरची पाखरांची घाण घासून काढायचे. डॉलीला हे कळलं ते वडील गेल्यावर.